सेव्हियरव्हिलमधला डॉली पार्टनचा पुतळा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतातून आई-बाबा आले की अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या मराठी घरांमध्ये स्मोकी माउंटन्सचा बेत ठरतोच. गॅटलिनबर्गला केबिन घेतली जाते, ठेपले-चटण्या भरल्या जातात आणि मग निरोप सुरू होतात : वाटेत त्या सेव्हियरव्हिलमध्ये गिटारवाल्या बाईचा पुतळा आहे म्हणे, तो कोणाचा, थांबावं का, तिकीट किती? पुन्हा पुन्हा येणारे हे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी सोपे, मग अडचणीचे. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगितलेली नाही, त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा पुतळा कोणाचा आहे आणि नेमका कुठे आहे?

'कंट्री' या अमेरिकेच्या ग्रामीण वळणाच्या संगीतातली गायिका आणि गीतकार डॉली पार्टनचा. टेनेसी राज्याच्या पूर्व भागात सेव्हियर काउंटी आहे, तिचं मुख्य ठिकाण सेव्हियरव्हिल. तिथल्या जुन्या कोर्टाच्या इमारतीसमोरच्या हिरवळीवर हा ब्राँझचा पुतळा आहे. घड्याळाचा मनोरा असलेली ही इमारत १८९० च्या दशकातली आहे आणि गावात शिरल्यावर तिचा मनोरा लांबूनच दिसतो. नकाशात 'सेव्हियर काउंटी कोर्टहाउस' टाका, चुकायला जागा नाही. आपल्याकडच्या तालुक्याच्या गावात कचेरीसमोर पुतळा असतो तसाच, फक्त इथे नेत्याच्या जागी गिटार घेतलेली मुलगी आहे.

२. म्हणजे पुतळा डॉलीवूडमध्ये नाही?

नाही. सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. डॉलीवूड हे तिच्या नावाचं मनोरंजन पार्क शेजारच्या पिजन फोर्जमध्ये आहे. तिथे पाळणे, रोलर कोस्टर, गाण्याचे कार्यक्रम असतात आणि त्याला तिकीट लागतं. पुतळा सरकारी कचेरीच्या आवारात, उघड्यावर आहे. पार्काचं तिकीट काढून आत दिवसभर 'पुतळा कुठे, पुतळा कुठे' करत फिरलेली मंडळी आहेत, म्हणून हे एवढं ठासून सांगतो. उलटही होतं : पुतळा पाहिला म्हणजे डॉलीवूड झालं असं समजू नका.

३. तिकीट, वेळ, पार्किंग?

तिकीट नाही. आवाराला दार-कुंपण असा काही प्रकार नसल्याने सकाळी लवकर गेलात काय आणि संध्याकाळी गेलात काय, पुतळा बघता येतो. आठवड्याच्या कामाच्या दिवसांत कोर्टकचेरीत कामाला आलेल्या लोकांच्या गाड्या असतात, त्यामुळे अगदी समोर जागा मिळेलच असं नाही. आसपासच्या गल्ल्यांत गाडी लावून दोन-चार मिनिटं चालायची तयारी ठेवा. चाल सपाटीची आहे, गुडघे दुखणाऱ्या आजीलाही जमते.

एक जोडमाहिती : पुढे नॅशनल पार्कमध्ये जाणार असाल तर तिथे प्रवेश फुकट असला, तरी पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी उभी करायची झाल्यास मार्च २०२३ पासून पार्किंगचा टॅग घ्यावा लागतो. कोर्टासमोर त्या टॅगचा काही संबंध नाही.

४. अटलांटाहून किंवा नॅशव्हिलहून कसं जायचं? वेळेचं गणित चुकतं म्हणतात ते काय?

अटलांटाहून साधारण चार तास धरा, नॅशव्हिलहून साडेतीन ते चार. नॉक्सव्हिलच्या बाजूने येणारे बहुतेक जण आय-४० वरून ४०७ क्रमांकाच्या एक्झिटला उतरतात आणि तिथून सेव्हियरव्हिल गाठतात.

वेळेचं गणित नॅशव्हिलकरांचं चुकतं. राज्य एकच असलं, तरी नॅशव्हिल सेंट्रल टाइमवर चालतं आणि सेव्हियरव्हिल ईस्टर्नवर. जाताना एक तास हातातून जातो. 'नऊला निघालो, साडेबाराला पोचू' म्हणणारे दीड वाजता पोचतात आणि जेवणाची वेळ टळून गेल्यावर घरात जे व्हायचं ते होतं. अटलांटावाल्यांना ही भानगड नाही.

ऑक्टोबरमध्ये पानं रंगायला लागली की सेव्हियरव्हिल ते गॅटलिनबर्ग या पट्ट्यात गाड्यांची रांग लागते. त्या दिवसांत पुतळा जातानाच उरकून घ्या. 'येताना बघू' म्हटलं की राहतो.

५. आम्ही डॉली पार्टनचं नावही ऐकलेलं नाही. थोडक्यात सांगा ना.

नाव ऐकलेलं नसलं तरी गाणं ऐकलेलं असण्याची शक्यता दांडगी आहे. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' हे व्हिटनी ह्यूस्टनने १९९२ मध्ये जगभर नेलेलं गाणं मुळात डॉलीने लिहिलेलं आणि १९७४ मध्ये स्वतःच्या आवाजात आणलेलं आहे.

डॉलीचा जन्म १९ जानेवारी १९४६ चा, याच सेव्हियर काउंटीतल्या डोंगरात, एका खोलीच्या लाकडी घरात. बारा भावंडांत ती चौथी. बाळंतपण करायला आलेल्या डॉक्टरांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून वडिलांनी मक्याच्या पिठाची पिशवी दिली. १९६४ मध्ये हायस्कूल संपलं आणि दुसऱ्याच दिवशी ती कंट्री संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलला निघून गेली. १९६७ पासून पोर्टर वॅगनर या त्या वेळच्या मोठ्या गायकाच्या टीव्ही कार्यक्रमात ती दिसू लागली, १९७४ मध्ये तिथून बाहेर पडली. त्याला निरोप देताना लिहिलेलं गाणं म्हणजेच वर सांगितलेलं. 'जोलीन', 'कोट ऑफ मेनी कलर्स', 'नाईन टू फाईव्ह' ही तिची आणखी काही गाणी. १९९९ मध्ये ती कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये गेली आणि २०२२ मध्ये रॉक अँड रोलच्या हॉलमध्येही.

६. टीव्हीवर तर ती केसांचा टोप, चमकी, उंच टाचा अशी दिसते. पुतळा इतका साधा का?

पुतळ्यातली डॉली दगडावर बसली आहे. पाय अनवाणी, केस मागे बांधलेले, हातात गिटार, चेहऱ्यावर मोकळं हसू. चमकीचा एक टिकला नाही. पहिल्यांदा बघणाऱ्यांना वाटतं, ही दुसरीच कोणी.

माझ्या मते गावाने इथे बाजी मारली. भडक रूप हे डॉलीने ठरवून घेतलेलं सोंग आहे आणि ती ते कधी लपवत नाही. लहानपणी गावात नटूनथटून, रंगरंगोटी करून फिरणारी एक बाई होती. बाकीचे नावं ठेवायचे, हिला मात्र ती जगातली सगळ्यात सुंदर बाई वाटायची, आणि आपण मोठेपणी असंच दिसायचं हे तिने तेव्हाच ठरवलं, असं तिने अनेकदा सांगितलं आहे. पण ते रूप नॅशव्हिलच्या रंगमंचाचं. सेव्हियरव्हिलने बसवली ती इथून निघून जायच्या आधीची मुलगी. गावाला जी माहीत होती ती. टोप आणि चमकीसकट पुतळा केला असता तर तो पोस्टरसारखा दिसला असता आणि दहा वर्षांत जुनाट झाला असता. अनवाणी पायांना फॅशनची भीती नाही.

७. पुतळा कोणी घडवला आणि कधी बसवला?

जिम ग्रे या स्मोकी परिसरातच राहणाऱ्या चित्रकार-शिल्पकाराने. तो मुख्यतः निसर्गचित्रांसाठी ओळखला जायचा. अनावरण १९८७ चं, आणि त्याला डॉली स्वतः हजर होती.

८. माणूस हयात असताना पुतळा? विचित्र वाटत नाही का?

आपल्याला वाटतं, कारण आपल्याकडे पुतळा म्हणजे जयंती-पुण्यतिथी. अनावरणाच्या वेळी डॉली अवघी ४१ वर्षांची होती. अमेरिकेत खेळाडू-कलाकारांचे पुतळे हयातीत उभे राहणं नवलाचं नाही.

साल मात्र लक्षात घ्या. आदल्याच वर्षी, १९८६ मध्ये, शेजारच्या पार्काला डॉलीचं नाव मिळालं होतं आणि ती त्यात भागीदार झाली होती. काउंटीला पर्यटक हवे होते आणि डॉलीला आपल्या गावात रोजगार आणायचा होता. त्यामुळे हा पुतळा निव्वळ लेकीच्या मायेपोटी उभा राहिला असं म्हणणं भाबडेपणाचं होईल, आणि निव्वळ धंद्यापोटी म्हणणं अन्यायाचं. दोन्ही हेतू सुखाने एकत्र नांदताना दिसतात.

९. तिचे वडील रात्री येऊन पुतळा धुवायचे, ही गोष्ट खरी की दंतकथा?

ही गोष्ट खुद्द डॉलीने बऱ्याच मुलाखतींत सांगितलेली आहे, त्यामुळे गाईडने रचलेली नक्की नाही.

वडील रॉबर्ट ली पार्टन. कसायला दुसऱ्याची जमीन, जोडीला तंबाखूचं पीक, मिळेल तेव्हा बांधकामावर मजुरी. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिशेबाला पक्के. पुतळा होणार म्हणून डॉली हरखून त्यांना सांगायला गेली, तर ते म्हणाले, तुझ्या चाहत्यांना तू देवी वाटत असशील, पण कबुतरांच्या लेखी तू आणखी एक संडास. (आपल्याकडच्या कुठल्याही चौकातल्या पुतळ्याकडे बघून हे वाक्य पटेल.)

विनोद तिथे संपला असं तिला वाटलं होतं. वडील २००० मध्ये गेले. त्यानंतर भावाकडून कळलं, की ते ट्रकच्या मागे साबणाच्या पाण्याचं मोठं पिंप आणि झाडू टाकायचे, रात्री उशिरा गाव झोपलं की कोर्टासमोर यायचे आणि मुलीचा पुतळा घासून स्वच्छ करायचे. तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तुम्ही पुतळ्यापाशी उभे राहाल तेव्हा आसपास बघा. ट्रक लावायची जागा कुठे, कोर्टाची दारं कुठे, रस्ता केवढा. दिवसभर शेतात राबलेला म्हातारा माणूस ते पिंप उतरवून घेतोय, खांद्यापासून, गिटारच्या खाचांपासून, पायाच्या बोटांपर्यंत झाडू फिरवतोय, हे चित्र त्या जागेवर फार सोपेपणाने उभं राहतं. मला विचाराल तर इथे थांबायचं मुख्य कारण हीच गोष्ट आहे. पाहुण्यांना गाडीतच सांगून ठेवा, म्हणजे ते नुसता फोटो काढून परत गाडीत बसणार नाहीत.

१०. तिचं जन्मघर बघता येतं का?

मूळ जागा खाजगी आहे. तिथे जाऊ नका, नकाशात शोधत डोंगरातल्या आडरस्त्यांना लागू नका. त्या लहानपणच्या घराची प्रतिकृती डॉलीवूडमध्ये आहे. तिच्या भावाने ती बांधली आणि आतली मांडणी आईने आठवून आठवून केली. भिंतींना वर्तमानपत्रं चिकटवलेली, चिमुकल्या जागेत अख्ख्या घराचा संसार. ते बघताना रांग सरकत असते आणि मागचे लोक घाई करतात, तरी दोन मिनिटं थांबा.

११. कंट्री गाणाऱ्या बायकांमध्ये ती पहिली होती का? 'आद्य' कोणाला म्हणायचं?

पहिली नव्हे, आणि ती स्वतःही तसा दावा करत नाही. पायवाट पाडणाऱ्या आधीच्या आहेत. १९२७ मध्ये ब्रिस्टल या टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या गावात झालेल्या ध्वनिमुद्रणांत कार्टर कुटुंबातल्या सारा आणि मेबेल होत्या. मेबेलची गिटार वाजवण्याची पद्धत पुढे पिढ्यान् पिढ्या उचलली गेली. १९३५ मध्ये पॅट्सी मोंटाना या गायिकेचं काउबॉयच्या प्रेयसीचं गाणं आलं. १९५२ मध्ये किटी वेल्सने एकटीच्या नावावर 'बिलबोर्ड' या संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिला क्रमांक मिळवला. तिथवर कोणी बाई एकटीने पोचली नव्हती, कारण बायकांच्या तबकड्या खपत नाहीत अशी धंद्यातल्या पुरुषांची ठाम समजूत होती. मग पॅट्सी क्लाइन (प्रश्न १३) आणि लोरेटा लिन (प्रश्न १२).

डॉलीचं आद्यपण दुसरीकडे आहे : मालकीत. 'आय विल ऑलवेज लव्ह यू' एल्व्हिस प्रेस्लीला गायचं होतं. त्याच्या मॅनेजरने, कर्नल पार्करने, ऐन वेळी अट घातली की गाण्याच्या प्रकाशनहक्काचा अर्धा वाटा द्यावा लागेल. एल्व्हिस आपलं गाणं गाणार म्हणून डॉली आनंदात होती. तिने नकार दिला आणि रात्रभर रडली. वीसेक वर्षांनी व्हिटनीचं रेकॉर्ड आलं तेव्हा हक्क पूर्ण तिच्याकडे होते. गाणाऱ्या बाईने गप्प गावं आणि कागदपत्रं पुरुषांनी बघावीत, अशा काळात डोंगरातून आलेल्या मुलीने हे केलं. ज्यांना ती फक्त टोप आणि चमकी वाटते त्यांना मी हा किस्सा सांगतो.

१२. नॅशव्हिलमध्ये रायमनसमोर गिटारवाल्या बाईचा पुतळा पाहिला. तोही डॉलीचाच ना?

नाही, तो लोरेटा लिनचा. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये बसवला. रायमन ऑडिटोरियम ही कंट्री संगीताची जुनी पंढरी. ग्रँड ओल ऑप्री हा रेडिओचा प्रसिद्ध कार्यक्रम १९४३ ते १९७४ तिथून व्हायचा.

लोरेटाचा जन्म १९३२ चा, केंटकीतल्या कोळशाच्या खाणींच्या खोऱ्यातला. लहान वयात लग्न, पाठोपाठ मुलं, आणि मग गाणी. तिची गाणी घरातल्या बाईच्या तोंडची होती. नवरा पिऊन घरी आला तर ती काय म्हणेल, ते तशाच शब्दांत. गर्भनिरोधक गोळीवरचं तिचं १९७५ चं गाणं अनेक रेडिओ केंद्रांनी वाजवायला नकार दिला. १९७२ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनचा 'एन्टरटेनर ऑफ द इयर' हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. डॉलीला तो १९७८ मध्ये मिळाला. लोरेटा ४ ऑक्टोबर २०२२ रोजी, ९० व्या वर्षी गेली, म्हणजे तिनेही आपला पुतळा हयातीतच पाहिला.

नॅशव्हिलमध्ये डॉलीची भिंतीवर रंगवलेली मोठी चित्रं आहेत, त्यामुळेही गोंधळ होतो.

१३. आम्ही वॉशिंग्टनजवळ राहतो, टेनेसी लांब पडतं. आमच्या बाजूला असं काही आहे का?

आहे, आणि दिवसात जाऊन येण्यासारखं. व्हर्जिनियातलं विंचेस्टर हे कंट्री गायिका पॅट्सी क्लाइनचं गाव. वॉशिंग्टनहून साधारण ७५ मैल. साउथ केंट स्ट्रीटवरचं तिचं साधंसं घर संग्रहालय म्हणून जपलेलं आहे आणि गावाबाहेर शेनँडोआ मेमोरियल पार्क या स्मशानभूमीत तिची कबर आणि तिच्या स्मरणार्थ उभारलेला घंटांचा मनोरा आहे.

५ मार्च १९६३ रोजी कॅन्सस सिटीतल्या मदतनिधीच्या कार्यक्रमाहून परतताना टेनेसीत कॅमडेनजवळ तिचं छोटं विमान कोसळलं. वय ३०. तिथल्या जंगलातही स्मृतिशिळा आहे. १९७३ मध्ये ती कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये गेली. एकल गायिकांमध्ये हा मान तिला सगळ्यांत आधी मिळाला. नॅशव्हिलमध्ये नवख्या लोरेटाला धीर देणारी, तिला स्वतःचे कपडे देणारी हीच. घराचं संग्रहालय बारमाही रोज उघडं नसतं, निघण्यापूर्वी वेळ बघून घ्या.

१४. टेनेसीच्या विधानभवनाबाहेर डॉलीचा पुतळा उभा राहिला असं वाचलं होतं. तो कुठे आहे?

तो उभा राहिला नाही. अर्धी बातमी फिरत राहिली, म्हणून दरवर्षी हा प्रश्न येतो.

झालं असं, की २०२० मध्ये अमेरिकेत यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या सेनानींचे पुतळे हटवण्याची चळवळ जोरात होती. त्यांच्या जागी डॉलीचे पुतळे लावा, अशी ऑनलाईन याचिकाही निघाली. कोविडच्या लसीच्या संशोधनासाठी तिने व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला दहा लाख डॉलर दिल्याचं त्याच वर्षी बाहेर आलं आणि कौतुकाला उधाण आलं. २०२१ च्या सुरुवातीला टेनेसीच्या विधिमंडळात एक विधेयक आलं : विधानभवनाच्या आवारात डॉलीचा पुतळा उभारावा. फेब्रुवारीत तिने जाहीर निवेदन काढून विधेयक मागे घ्यायची विनंती केली. जगात एवढं काय काय चाललेलं असताना मला चौथऱ्यावर चढवणं योग्य वाटत नाही, पुढे काही वर्षांनी किंवा मी गेल्यावरही वाटलं तर बघा, असा त्याचा आशय होता. विषय तिथे थांबला.

ज्यांना हा नुसता विनय वाटतो त्यांच्यासाठी : राष्ट्राध्यक्षांकडून मिळणारं 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम'ही तिने ट्रम्प यांच्या काळात दोनदा घेतलं नव्हतं. एकदा नवरा आजारी होता, एकदा कोविडमुळे प्रवास नको होता. नंतर बायडन सरकारकडून विचारणा झाल्यावर, आता घेतलं तर राजकारण केल्यासारखं दिसेल, असं ती म्हणाली. तिचे चाहते दोन्ही पक्षांत आहेत आणि कोणा एका बाजूचं व्हायचं नाही हे तिचं जुनं धोरण आहे. यात विनय आहे तसा धोरणीपणाही आहे, आणि मला तरी त्यात काही वावगं दिसत नाही. विधिमंडळाने उभारलेला पुतळा त्या सरकारचा होतो. सेव्हियरव्हिलचा पुतळा गावचा आहे.

१५. फुकट पुस्तकं देणारी योजना तिचीच ना? आमच्या मुलांना मिळतील का?

तिचीच. 'इमॅजिनेशन लायब्ररी'. १९९५ मध्ये फक्त सेव्हियर काउंटीतल्या मुलांसाठी सुरू झाली. वडिलांना वाचता येत नव्हतं, त्याची त्यांना आयुष्यभर लाज वाटली, त्यातून ही कल्पना आली आणि वडिलांनाही तिने त्या कामात सोबत घेतलं. लहान मुलं तिला 'बुक लेडी' म्हणतात, याचा वडिलांना तिच्या गाण्यांपेक्षा जास्त अभिमान होता, असं ती सांगते. २०१८ मध्ये योजनेचं दहा कोटीवं पुस्तक वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिलं गेलं. पुढचा दहा कोटींचा टप्पा तर फार लवकर ओलांडला.

नियम सोपे : मूल जन्मल्यापासून पाच वर्षांचं होईपर्यंत दरमहा एक पुस्तक, मुलाच्या नावाने, टपालाने, पूर्ण मोफत. उत्पन्नाची अट नाही, नागरिकत्वाचा काही प्रश्न येत नाही, त्यामुळे व्हिसावरच्या घरांनी बिचकू नये. मेख एकच : तुमच्या पिनकोडच्या भागात स्थानिक संस्थेने योजना चालवायला घेतलेली असली पाहिजे. टेनेसीत ती राज्यभर आहे, इतर ठिकाणी योजनेच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून तपासा. अमेरिकेबरोबर कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड आणि ऑस्ट्रेलियात चालते. भारतातल्या पत्त्यावर येत नाही. पुण्याच्या नातवासाठी आजोबांनी विचारलं होतं, त्यांची निराशा झाली.

१६. हार घालता येतो का? नमस्कार केला तर चालेल? मुलं वर चढतात त्याचं काय?

नमस्कार करायला कोण अडवणार. हार घालण्याची पद्धत नाही, आणि वाळलेली फुलं-दोरे काढायचं काम कोर्टाच्या झाडूवाल्यावर पडतं. एखादं फूल दगडाशी ठेवलंत तर हरकत नाही.

पुतळा उंच चौथऱ्यावर नाही, हात पोचेल असा आहे, त्यामुळे शेजारी बसून, खांद्यावर हात टाकून फोटो काढणं सर्रास चालतं. मुलांना दगडावर बसवा. गिटारच्या मानेला लोंबकळू देऊ नका. उन्हाळ्यात दुपारी ब्राँझ चांगलंच तापतं, अर्ध्या चड्डीतल्या पोराला बसवण्याआधी हात लावून बघा.

१७. गाडीत मुलांना काय ऐकवावं?

'कोट ऑफ मेनी कलर्स', १९७१ चं. मराठी मुलांना समजवायला सोपं, कारण गोष्ट गोधडीची आहे : घरात पैसे नाहीत, आई चिंध्या जोडून रंगीबेरंगी कोट शिवते, मुलगी मिरवत शाळेत जाते आणि बाकीची मुलं हसतात. ही डॉलीची स्वतःची हकिगत. दौऱ्याच्या बसमध्ये गाणं सुचलं तेव्हा कागद सापडेना, म्हणून तिने पोर्टर वॅगनरच्या कपड्यांच्या ड्राय-क्लीनिंगच्या पावतीमागे ते लिहून काढलं. पुढे 'नाईन टू फाईव्ह' लावा. त्यातला टाइपरायटरसारखा टकटक आवाज तिने आपल्या लांब नखांवर नखं घासून काढला होता, हे सांगितलं की मुलं लगेच स्वतःची नखं घासून बघतात.

१८. खरं सांगा, फक्त पुतळ्यासाठी जाण्यात अर्थ आहे का?

फक्त त्यासाठी चार तास गाडी हाकत जाऊ नका. पंधरा-वीस मिनिटांचा कार्यक्रम आहे. पण गॅटलिनबर्ग किंवा पिजन फोर्जला जाणारच असाल, तर मुख्य रस्ता सोडून गावात शिरायला काहीच वेळ लागत नाही. शिवाय त्या दोन गावांतला मेणाच्या पुतळ्यांचा, उलट्या घरांचा झगमगाट सुरू होण्याआधी हे जुनं शांत गाव बघणं बरं पडतं. आधी प्रश्न ९ आणि १७ वाचून ठेवलेत तर वीस मिनिटं कारणी लागतील. डॉलीवूडला जाणार असाल तर पुतळा आधी, पार्क नंतर. आणि पार्क हिवाळ्यात, जानेवारीपासून मार्चच्या सुमारापर्यंत, बंद असतं. पुतळ्याला सुट्टी नाही.

१९. पुतळ्याचा फोटो काढून आम्ही मंडळाच्या टी-शर्टवर किंवा विकायच्या मगवर छापला तर?

इथे सावध. घरचा अल्बम, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलेला फोटो, सहलीचा व्हिडिओ यांची काळजी करू नका. विकायच्या वस्तूवर छापणं ही वेगळी गोष्ट आहे, कारण तिथे दोन निरनिराळे हक्क आडवे येतात.

पहिला शिल्पकाराचा. भारतात सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचं छायाचित्र काढून प्रसिद्ध करायला कायद्याने मुभा आहे, म्हणून आपली समजूत तशी असते. अमेरिकेत ही सवलत इमारतींना आहे, शिल्पांना नाही. पुतळा रस्त्यावर, सरकारी जमिनीवर असला तरी त्याचा कॉपीराइट शिल्पकाराकडे किंवा त्याच्या वारसांकडे राहू शकतो, आणि १९८७ च्या शिल्पाची मुदत अजून बरीच शिल्लक आहे. वॉशिंग्टनमधल्या कोरियन युद्धस्मारकातल्या सैनिकांच्या पुतळ्यांचा फोटो टपाल खात्याने तिकिटावर छापला. शिल्पकार फ्रँक गेलॉर्ड कोर्टात गेला आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. जिथे खुद्द सरकारी टपाल खातं हरलं, तिथे मंडळाच्या टी-शर्टचं काय घेऊन बसलात.

दुसरा हक्क डॉलीचा स्वतःचा. प्रसिद्ध व्यक्तीचं नाव आणि चेहरा धंद्यासाठी वापरायला टेनेसीत तिची परवानगी लागते. २०२४ मध्ये याच राज्याने कायदा आणखी कडक करून आवाजालाही, कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या नकलेसकट, संरक्षण दिलं. गाण्याच्या धंद्यावर जगणारं राज्य आहे ते.

'आम्ही नफा घेत नाही, फक्त खर्चापुरते पैसे घेतो' हे उत्तर पुरेसं ठरेलच असं नाही. मंडळाच्या सहलीचे शर्ट छापायचेच असतील तर डोंगर, अस्वल आणि सेव्हियरव्हिलचं नाव छापा. अस्वलं काही दावा ठोकत नाहीत.